तपेल्यावरचं नाव

नवऱ्याला रोज ‘अहो’ अशी हाक मारणाऱ्या बाईने घटस्फोटानंतर त्याचा उल्लेख कसा करावा, याची सोय आपल्याकडे कुणी करून ठेवलेली नाही. ‘हे’ म्हणवत नाही, नाव घ्यायची जिभेला सवय नाही, आणि कोर्टाच्या कागदात लिहितात तसं ‘विपक्षी’ म्हणायला मी काही वकील नाही. तेव्हा इथे मी त्याला नुसतं ‘तो’ म्हणणार आहे. त्यात मला थोडी मजाही वाटते, ती लपवत नाही.

आम्ही काशीला बालाजी घाटावर राहायचो, गल्लीतल्या एका उंच घराच्या वरच्या मजल्यावर. खाली, शेजारी, समोर सगळी मराठी घरं. कुणी पाठशाळेत शिकवणारे, कुणी भिक्षुकी करणारे, कुणी रेल्वेत, आणि तो बँकेत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडण रंगात आलं की दोन्हींची खिचडी. बाहेर त्याच्याइतका गोड माणूस शोधून सापडला नसता. गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे बँकेचे अर्ज तो घरी बसून भरून द्यायचा, वर त्यांना चहा पाजायचा. घरात मात्र तो मारायचा. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, कमी झालं म्हणून, मी उलट बोलले म्हणून, गप्प बसले म्हणून. हे आता इतकं सरळ लिहिता येतं, कारण त्याला फार वर्षं झाली आणि माझं मनगट पावसाळा सोडला तर दुखत नाही.

त्या वेळी सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असायच्या. मध्ये पडायच्या नाहीत. तो जिना उतरून गेला की हळद गरम करून आणायच्या आणि लेप लावता लावता म्हणायच्या, “जाऊ दे गं. डोकं थंड ठेव. आमचे हेसुद्धा तापट होते, पण मला कधी बोट लावलं नाही त्यांनी. पुरुषाला सांभाळून घ्यायला यावं लागतं.” म्हणजे मारही मीच खायचा आणि सांभाळूनही मीच घ्यायचं. खरं सांगते, त्या काळात मला त्याच्यापेक्षा त्यांचाच राग जास्त यायचा. त्याच्याकडून मी काही अपेक्षाच ठेवली नव्हती.

या सगळ्यात माझं स्वतःचं एक राज्य होतं. दशाश्वमेध घाटाजवळ राहणारे एक उपाध्ये गुरुजी महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचं सगळं बघायचे. स्नान, श्राद्ध, उतरायची जागा, गयेची गाडी. जेवणाचं मात्र त्यांना जमत नव्हतं. नगर-साताऱ्याकडची माणसं प्रयागपासून पुरी-आलू खात खात काशीला पोचायची आणि पोचेपर्यंत आमटीसाठी कासावीस झालेली असायची. गुरुजींनी एकदा मला विचारलं, मी हो म्हटलं, आणि हळूहळू आमच्या गच्चीवर पंगती उठू लागल्या. आमटी, भात, पिठलं, सणावाराला पुरण. त्याने हरकत घेतली नाही. घरात चार पैसे येत होते आणि गल्लीत ‘आमच्याकडे यात्रेकरू जेवतात’ असं छाती पुढे काढून सांगता येत होतं.

त्यातून थोडं थोडं बाजूला ठेवून मी भांडी घेत गेले. बाकीच्या बायका साडीच्या दुकानात रेंगाळतात, तशी मी ठठेरी बाजारात रेंगाळायची. मोठी पातेली, पराती, भाताची हंडी, हातभर दांड्याचे झारे. भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचं हा आपल्याकडचा दंडक. पंगतीच्या गडबडीत शेजारची भांडी येतात-जातात, अदलाबदल होते, तेव्हा नाव हवंच. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला असायचा. मान वर न करता विचारायचा, “किसका नाम, बहिनजी?” आणि मी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून द्यायची. कारण नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही.

म्हणजे बघा. कमाई माझी, निवड माझी, घासणार मी, आणि नाव त्याचं. तेही मला उच्चारता येत नाही म्हणून घरून लिहून नेलेलं! नाव घालणारा टकटक करत ठिपक्या-ठिपक्यांनी ते उमटवायचा, मी भांडं उजेडात धरून अक्षर सरळ आलंय ना ते बघायची आणि खुशीत घरी यायची. इथे आपलंही नाव घालता येईल, हे कधी डोक्यातच आलं नाही. कुणाच्याच येत नसे. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही घरी मांडणीकडे बघितलं तर सगळे पुरुष ओळीने पालथे घातलेले.

मग एकदा त्याने माझं मनगट मोडलं, आणि मी मुगलसराईला भावाकडे निघून गेले. भाऊ रेल्वेत होता. त्याच्या क्वार्टरमध्ये जागा कमी होती पण वहिनीचं मन मोठं होतं, म्हणून निभावलं. केस किती चालली ते सांगत बसत नाही. कचहरीच्या आवारातला चहावाला मला बघितल्याबरोबर आलं जास्त टाकायला लागला होता, एवढ्यावरून काय ते समजा. शेवटी घटस्फोट मिळाला. कागद हातात आला त्या दिवशी मला मोठ्याने हसावंसं वाटलं, आणि हसलेही. माझ्या वकिलांना वाटलं, बाईंना धक्का बसला.

गुरुजींनी मला त्यांच्या घरामागे एक खोली बघून दिली. खोली लहान, पण पुढे अंगण मोठं, पंगत बसेल असं. त्यांच्याच ओळखीतले काही शास्त्री कुरकुरले, की नवरा जिवंत असून सोडलेली बाई, तिच्या हातचं यात्रेकरूंना कसं चालणार? गुरुजी म्हणाले, “त्यांना आमटी पाहिजे, स्वयंपाकिणीची कुंडली नको.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, कार्तिकात नगरकडची मोठी यात्रा येतेय. तुमची भांडी आली तर काम तुमचं. नाही आली तर मला हलवायाला सांगावं लागेल. तो रोज येऊन विचारून जातोय.”

सगळं त्या भांड्यांवर येऊन थांबलं होतं. ती असली तर मी माझ्या हातावर उभी राहणार होते. नसली तर पुन्हा मुगलसराईच्या क्वार्टरमध्ये, वहिनीच्या मोठ्या मनाच्या भरवशावर. नवी घेण्याइतकं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. दागिने त्याने केव्हाच मोडून खाल्ले होते, त्यांच्यावर मी पाणी सोडलं होतं. पण भांड्यांवर सोडायला तयार नव्हते.

कोर्टाने सांगितलं होतं, की लग्नात बाईबरोबर आलेलं ते बाईचं, आणि बाकीचं घरसामान दोघांनी समजुतीने वाटून घ्यावं. त्याच्या वकिलाने एक तोडगा सुचवला. भांड्यांवरून वाद कशाला? भांड्यांवर नावं आहेतच. ज्याचं नाव त्याचं भांडं. माझ्या वकिलांना हे फार स्वच्छ वाटलं. त्यांनी मला विचारलं आणि मी लगेच मान डोलावली, सहीसुद्धा केली. माझ्या डोळ्यांसमोर माझी भांडी होती, एकेक, त्यांच्या पोचांसकट. त्यांच्यावर काय लिहिलंय ते मी कधी वाचतच नव्हते. आपल्या हाताखालच्या भांड्यावरचं नाव कोण वाचत बसतं?

सही करून परतताना रिक्षा लहुराबीरपाशी आली आणि मला आठवलं, नाव तर सगळ्यांवर त्याचं! सगळं राज्य मी एका सहीत त्याला देऊन बसले होते. तशीच रिक्षा वळवून वकिलांकडे गेले. ते कपाळावर हात मारून म्हणाले, “बहनजी, यह बात दस्तखत से पहले बतानी थी!” आता बदल करायचा तर पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा, आणि कार्तिक काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. वाटणीला जा, लग्नातलं तरी घेऊन या, एवढंच ते सांगू शकले.

वाटणी करून द्यायला कोर्टाने एक वकील नेमला होता. तिथे त्याला वकील कमिशनर म्हणतात. हे कमिशनर जाडसर, पन्नाशीचे, आणि तोंडात कायम पान. पान तोंडात ठेवून बोलायचं असलं की हनुवटी वर करून, छताकडे बघत बोलायचे, म्हणजे रस सांडत नाही. आमचा जिना चढून आले तेव्हा त्यांना इतका दम लागला होता, की बराच वेळ नुसतेच छताकडे बघत बसले. त्यांच्याबरोबर एक मुंशी होता. आणि आपला ‘तो’ इस्त्रीचा कुर्ता घालून खुर्चीवर बसला होता, चहा मागवलेला होता, जसं काही मुलगी बघायला आलेत. आणि सासूबाई होत्या त्यांच्या नेहमीच्या जागेवर, स्वयंपाकघराच्या दारात. फार वाळल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, मीही बघितलं नाही.

आधी लग्नातली भांडी निघाली. ताम्हण, कळशी, डबे, माझ्या मामाने दिलेली परात. त्यांवर माझं माहेरचं नाव, पूर्ण. आमच्यात तेव्हा लग्नात मुलीचं आडनावच नाही, तर तिचं स्वतःचं नावही बदलायचे. ताम्हणात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, की जुनी मुलगी संपली. कमिशनरांनी हनुवटी वर करून ते जुनं नाव वाचलं.

तो शांतपणे म्हणाला, “इस नाम की कोई औरत इस घर में कभी रही ही नहीं, वकील साहब. मेरी पत्नी का नाम दूसरा था.”

मी थक्क झाले. माणूस मारकुटा असतो हे मला ठाऊक होतं, पण इतका चलाख? मी म्हटलं, “ते नाव माझंच आहे. तुम्हीच बदललंत ना ते, तुमच्याच अंगठीने!”

कमिशनर उठले, सज्जात जाऊन पान थुंकून आले आणि पहिल्यांदाच सरळ समोर बघून बोलले, “भाईसाहब, शादी का कार्ड फ़ाइल में लगा है. उसमें यही नाम है. आगे चलिए.” मुंशी खाली मान घालून हसला. तेवढी भांडी माझ्या बाजूला आली. पण त्यातल्या परातीत फार तर दोघा-तिघांचं पीठ मळलं असतं.

मग मोठी निघाली. मुंशी एकेक उचलून आणायचा, कमिशनर वाचायचे, आणि तो चहाचा घोट घेत म्हणायचा, “मेरा.” भाताची हंडी. “मेरा.” आमटीचं पातेलं, ज्याचा एक कान मी दोनदा जोडून घेतला होता. “मेरा.” झाऱ्यांच्या दांड्यावरसुद्धा मी हौसेने नाव घालून घेतलं होतं! ते ढीग होऊन त्याच्या पायाशी जाऊन बसले. मला रडू आलं, आणि त्याच्यासमोर रडू आलं म्हणून त्याहून जास्त संताप आला. पदराने तोंड पुसलं आणि मनात म्हटलं, झालं, हलवायाचं नशीब उघडलं.

“ऊपर क्या है?” कमिशनरांनी माळ्याकडे बोट केलं.

“कबाड़,” तो म्हणाला.

पण मुंशी कामाचा माणूस होता. तो शिडीवरून चढला आणि जुन्या गोधड्यांच्या खालून ओढत ओढत एक पितळी तपेलं त्याने खाली आणलं. केवढं मोठं! मी इतकी वर्षं त्या घरात काढली, पण ते गोधड्या ठेवायचं काहीतरी आहे, एवढंच मला माहीत होतं. काळंठिक्कर पडलेलं, कल्हई पार गेलेली, आत कोळ्यांची जाळी. मुंशीने कडेवर फडकं घासलं तेव्हा अक्षरं दिसली. ठिपक्यांची नव्हे, जुन्या पद्धतीची, खोल कोरलेली. कमिशनरांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. एका बाईचं नाव. मग तिच्या वडिलांचं, मग आडनाव, आणि शेवटी गाव, सागर.

“यह कौन हैं?”

त्याने खांदे उडवले. “पता नहीं. किसी पुराने किरायेदार का होगा. मेरे में लिख दीजिए.”

मलाही ते नाव ठाऊक नव्हतं. कमिशनरांनी लिहायला पेन उचललं.

“ती मी,” सासूबाई म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही. त्या दारातून पुढे आल्या. त्यांना तशा प्रसंगी दारातून पुढे आलेलं मी प्रथमच बघत होते. कमिशनरांसमोर उभ्या राहून त्या हिंदीत म्हणाल्या, “वकील साहेब, वो मैं हूँ. शादी के पहले का नाम है.” मग मराठीत, कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, “आमच्या अण्णांनी सागरच्या बाजारात घालून घेतलं होतं. म्हणाले, पोर काशीला चाललीय, तिथे अन्नाला वाण नाही, मोठं भांडं पाहिजे.”

तो खुर्चीवर सरळ बसला. “आई, काहीतरीच काय? तुझं नाव तर...” आणि त्याने तिचं सासरचं नाव घेतलं.

“ते तुझ्या वडिलांनी ठेवलेलं.”

बँकेत दिवसभर लोकांच्या सह्या आणि नावं ताडून बघणारा माणूस, आणि आपल्या आईचं नाव त्याला माहीत नव्हतं. त्याला एकट्याला काय बोलायचं? मला तरी कुठे माहीत होतं? इतकी वर्षं एका चुलीशी उभ्या राहून मीही कधी विचारलं नव्हतं.

कमिशनरांनी पेन खाली ठेवलं. “तो माताजी, यह आपका हुआ. न इनका, न इनका.”

“माझं ना? मग मी कुणालाही देऊ शकते?”

“जिसे चाहें.”

“मग हे हिला.” त्यांनी माझ्याकडे बोटसुद्धा केलं नाही, नुसती हनुवटी वळवली.

“आई! काय तमाशा चालवलायस?” तो उभा राहिला. तो आवाज आम्ही दोघी ओळखत होतो. माझा हात आपोआप मनगटावर गेला. सासूबाई एक पाऊल मागे सरल्या, पण एकच.

“कबाड आहे म्हणालास ना?” त्या म्हणाल्या. “मग कबाड जाऊ दे तिच्याकडे. तुझं काय जातं?”

कमिशनर आणि मुंशी समोर होते, म्हणून तो बसला. एरवी बसला नसता.

तपेलं गल्लीच्या वळणांतून न्यायचं म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंती खरवडत न्यावं लागलं असतं. म्हणून ओळखीच्या एका मल्लाहाला सांगून ते घाटाने खाली उतरवलं आणि होडीत ठेवलं. माझे डबे, कळशी, परात त्याच्या पोटात. मी होडीत बसले. मल्लाह दोरी सोडणार इतक्यात बघते, तर पायऱ्यांवरून सासूबाई उतरत होत्या. छातीशी एक भलंमोठं झाकण धरलेलं, त्याच्यामागे त्यांचं तोंडही नीट दिसत नव्हतं.

“झाकण राहिलं होतं,” त्या म्हणाल्या. मी हात पुढे केला, पण झाकण माझ्या हातात न देता त्या त्याच्यासकट होडीत चढल्या. “तिथे नीट ठेवलंय का बघते, आणि संध्याकाळी परत जाते.”

होडी निघाली. मला बोलायचंच नव्हतं. तपेलं दिलं म्हणून काय मागचं सगळं धुऊन निघालं? असं मनात चाललं होतं. मणिकर्णिका मागे पडल्यावर त्या झाकणाकडे बघत म्हणाल्या, “मी तुला सांगायची ना, की यांनी मला कधी बोट लावलं नाही?”

“हो. दर वेळी सांगायचात.”

“लावत होते.”

मी झाकणावरून नजर काढून त्यांच्याकडे बघितलं.

“मला वाटायचं, तुला खरं सांगितलं तर तू घाबरून निघून जाशील. आणि मग मी एकटी राहीन त्याच्यापुढे.”

“मी गेलेच की.”

“गेलीस. आणि मी राहिलेच की.” त्या थोड्या हसल्या. “तुझ्या मागे आता माझ्यावर चालतो त्याचा हात.”

माझा राग असा एका वाक्यात जाणारा नव्हता, आणि गेलाही नाही. त्यांनी माझ्या जिवावर स्वतःला वाचवलं होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं, आणि मी त्यांना ते तोंडावर सांगितलंही. त्या “हो” म्हणाल्या. सबबी सांगितल्या नाहीत. मल्लाहाला मराठी येत नव्हतं, पण तो वल्हं अगदी हळू मारत होता. दशाश्वमेध आला तेव्हा मी त्यांना हात देऊन उतरवलं. दुसरं काय करणार?

संध्याकाळी परत जाते म्हणाल्या होत्या, पण कुठल्या संध्याकाळी ते त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी चूल नीट लागली नाही म्हणून थांबल्या. मग कल्हईवाला येणार होता आणि तो चांदीसारखी कल्हई करतो म्हणून सांगून शिसं मिसळतो, म्हणून त्याच्या डोक्यावर उभं राहायला थांबल्या. त्यांच्या मुलाने गल्लीतल्या एकाबरोबर निरोप पाठवला, की आईला पाठवून दे. त्यांनी उलट निरोप पाठवला, “पंगत होऊ दे.” पंगत झाल्यावर दुसरी पंगत होती, मग तिसरी. त्या शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिल्या. आम्ही भांडायचो, भरपूर. हिंग किती घालावा यावर आमचं कधीच पटलं नाही. पण एकीने दुसरीवर आवाज चढवला तरी कुणाचा हात कुठे जात नसे. त्या खोलीत मी जितकी सुखी होते, तितकी आधी कधी नव्हते. त्याच्या वाट्याची भांडी अजून तिथेच पालथी पडलेली असतील. मला त्यांची आठवण येते, खोटं कशाला बोलू?

पण सांगायची आहे ती पहिली पंगत. नगरकडची यात्रा आली. अंगण भरलं, पायऱ्या भरल्या, उरलेले गुरुजींच्या ओट्यावर बसले. विटांच्या चुलीवर तपेलं चढलेलं, आत कल्हई लखलखणारी, भात आधी त्यातच शिजवून धुतल्या कापडावर काढलेला, आणि आता त्यात आमटी रटरटत होती. तेवढ्या माणसांची आमटी एका भांड्यात मी कधी केली नव्हती, माझ्या सगळ्या पातेल्यांची मिळूनही झाली नसती. गुरुजी धोतर खोचून पाणी वाढत होते. यात्रेकरूंनी पहिला भुरका मारला आणि एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “आता काशी भेटली!” मला तपेल्याला मिठी मारावीशी वाटली. चटका बसला असता, म्हणून मारली नाही.

दुसरी पंगत बसली आणि आमटी खाली जायला लागली. सासूबाई अंगणाच्या पलीकडच्या टोकाला भात वाढत होत्या. मी पळी हलवून हाक मारली, “आई! अहो आई!”

यात्रेतल्या निम्म्या बायकांनी माना वळवल्या. त्यातली प्रत्येक कुणाची तरी आई होतीच. वळल्या नाहीत फक्त आमच्या. पुन्हा ओरडले, “आई!” पुन्हा तेच. सासूबाई म्हणून ओरडावं तर त्या नात्याचा कागद आता माझ्याकडे नव्हता. माझ्या तोंडासमोर तपेल्याची कड होती, घासून लख्ख केलेली. मी त्यावरचं नाव वाचलं आणि तेच मोठ्याने हाकारलं.

“ओ!”

लगेच आली ती ओ, लहान मुलगी अंगणातून देते तशी, लांबवून. मग त्या जागच्या जागी थबकल्या. भाताचा डाव हातात तसाच. अण्णा गेल्यापासून त्या नावाने त्यांना कुणी हाक मारली नसणार. त्यांनी सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली, हाक मारणारा माणूस शोधत. शेवटी माझ्यावर येऊन थांबली. त्यांचे डोळे भरून आले, माझेही आले, आणि मध्ये सगळी नगरची यात्रा जेवत होती.

डोळे पुसत त्या चुलीपाशी आल्या. “काय गं?”

“आमटी कमी पडतेय,” मी म्हटलं. “तांब्याभर गरम पाणी ओतते.”

त्यांनी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला. “पाणी नाही ओतायचं,” त्या म्हणाल्या. “डाळ शिजव आणखी. माझ्या तपेल्यात पातळ आमटी होणार नाही.”